किल्ल्याच्या पायथ्याशी थांबणाऱ्यांचे काय?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून आपल्या दैनिकात किल्ल्यांविषयी वाचकांची पत्रे वरचेवर प्रसिद्ध होत आहेत आणि मी ती आवर्जून वाचते. त्या बारांत धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतला एकही किल्ला नाही, आम्हाला जवळचा म्हणावा तर बागलाणातला साल्हेर, ही खंतही काहींनी व्यक्त केली. माझा मुद्दा त्याहून साधा आहे आणि कोणत्याही यादीवाचून सुटण्यासारखा आहे. सुटीच्या दिवशी घरची सगळी मंडळी मिळून किल्ला पाहायला निघतात, तेव्हा त्यांतली निम्मी वर जातात आणि निम्मी पायथ्याशी थांबतात. गुडघे दुखणारी आजी, कडेवर तान्हे असलेली सून, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले काका, आणि या सगळ्यांना एकटे कसे सोडायचे म्हणून मागे राहिलेले आणखी कोणीतरी. खानदेशातल्या बहुतेक किल्ल्यांच्या पायथ्याशी या मंडळींसाठी काहीही नसते. किल्ला म्हणजे वर चढणाऱ्याचा, असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे, आणि ते गृहीत चुकीचे आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

धुळ्यातल्या वाचकांना रोज दिसणारा लळिंगचाच किल्ला घ्यावा. शहरापासून दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला अगदी खेटून हा डोंगर उभा आहे. नाशिककडे जाता-येता एस.टी.च्या खिडकीतून त्याची तटबंदी पाहिली नाही असा धुळेकर विरळाच. मात्र त्यावर सहकुटुंब जाऊन आलेला धुळेकर त्याहून विरळा. गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा बरोबर सासूबाई, धाकटे दीर, जाऊबाई आणि दोन्ही घरची मुले अशी भरली गाडी होती. गावात एक आजीबाई ओट्यावर बसल्या होत्या. आमचा लवाजमा पाहून त्यांनी आपण होऊन सांगितले, "वर पेवानं पानी नही शे, आठेच भरी ल्या." त्या दिवसभरात किल्ल्याविषयी कोणी सांगितलेली उपयोगाची माहिती तेवढीच. बाटल्या भरून आम्ही काही जण वर निघालो, सासूबाई आणि जाऊबाई तान्ह्याला घेऊन खाली राहिल्या. आम्ही परत येईपर्यंतचा सगळा वेळ त्या दोघींनी गाडीत काढला. पायथ्याच्या गावात महादेवाचे जुने, हेमाडपंती धाटणीचे, दगडी देऊळ आहे आणि ते पाहण्यासारखे आहे, हे त्यांना आम्ही परतल्यावर कळले; तेही कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर गाडी वळवताना दिसले म्हणून.

वर गेलेल्यांची अवस्था फारशी वेगळी नव्हती. पाऊण तास ते तासाभराची चढण आहे, मुले ती हसत चढतात. तटबंदी, बुरुज, पडक्या वास्तूंची जोती, आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी, असे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. टाक्याच्या आतल्या भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव अजून मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. आमच्या पुतण्याने त्यावर बोट फिरवून विचारले, की हे सगळे हातानेच खोदले का, आणि खोदून काढलेला दगड गेला कुठे? हा प्रश्न उत्तम होता. डोंगरी किल्ल्यांवर टाक्यांतून निघालेला दगड पुष्कळदा तटाच्या बांधकामातच वापरला जात असे, म्हणजे एका मेहनतीत पाण्याची सोय आणि भिंतीचे सामान अशी दोन्ही कामे साधत, हे मी त्याला सांगू शकले ते वाचनाची आवड आहे म्हणून. ज्यांना ती नाही त्या आईबापांनी काय सांगायचे? उत्तर तिथेच, टाक्याच्या काठावर, चार ओळींत लिहिलेले असायला काय हरकत आहे?

लळिंगचा इतिहास तर असा आहे, की तो नीट सांगितला तर मुले जेवणखाण विसरून ऐकतील. 1370 च्या सुमारास दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला आणि त्यातून खानदेशात एक स्वतंत्र राज्य उभे राहिले. ते 1601 मध्ये अकबराने बुऱ्हाणपूरजवळचा अशीरगड घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. 1399 मध्ये मलिक राजा वारला, तेव्हा थोरला मुलगा नासिरखान याच्याकडे लळिंग होते आणि धाकट्याकडे थाळनेर. नासिरखानाला अशीरगड हवा होता, पण तो आसा अहिराच्या ताब्यात, आणि किल्ला असा की लढून हाती येणे कठीण. फार्सी तवारिखांत पुढची हकीकत येते ती अशी: आपल्याला शत्रूंचे भय आहे, तेव्हा घरच्या बायकामुलांना तुमच्या किल्ल्यात आसरा द्या, अशी विनंती नासिरखानाने आसाला केली. पहिल्या दिवशीच्या डोल्यांतून खरोखरच बायका आल्या, आसाच्या घरच्या स्त्रियांनी त्यांचे स्वागतही केले. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. खानदेशातल्या सर्वांत बळकट किल्ल्याचा घास असा कौटुंबिक भेटीचे निमित्त करून घेतला गेला. पुढे 1417 मध्ये त्याने माळव्याच्या सुलतानाच्या मदतीने भावाकडून थाळनेरही घेतले, आणि 1437 मध्ये बहमनी फौजेकडून मार खाऊन त्याचा शेवट झाला. ही सगळी उलथापालथ ज्या डोंगरावरून सुरू झाली, त्याच्या पायथ्याशी आमच्या सासूबाई आम्ही उतरेपर्यंत बसून होत्या आणि त्यांना यातले अक्षर सांगणारे तिथे काही नव्हते.

याच काळातला दुसरा एक किल्ला मला पाहायला मिळाला, त्याचा उल्लेख इथे करणे मला आवश्यक वाटते. मुलीकडे इंग्लंडला गेले असता ती आम्हाला ससेक्समधल्या बोडियमच्या किल्ल्यावर घेऊन गेली. हा किल्ला 1385 मध्ये सर एडवर्ड डॅलिंग्रिग नावाच्या सरदाराने राजाच्या परवानगीने बांधायला घेतला, म्हणजे मलिक राजाला थाळनेर मिळाल्यानंतर जेमतेम पंधरा वर्षांनी. फ्रेंचांच्या हल्ल्यांपासून संरक्षण हे परवानगीचे कारण. ते खरे कारण होते की सरदारसाहेबांना आपला थाट दाखवायचा होता, यावर तिकडच्या अभ्यासकांत अजून वाद आहे. चारी बाजूंनी पाण्याने भरलेला रुंद खंदक, त्यावरून आत जाणारा लाकडी पूल, कोपऱ्यांना गोल बुरुज आणि दरवाजाच्या वर जुनी लाकडी, लोखंडाने मढवलेली सरकती जाळी. बाहेरून तो एखाद्या चित्रासारखा अभंग दिसतो, पण आत शिरल्यावर कळते, की छप्पर नाही, मजले नाहीत, भिंतींत उघड्या पडलेल्या चुली आणि खिडक्या तेवढ्या उरल्या आहेत. थोडक्यात, आत बघायला आपल्या पारोळ्याच्या भुईकोटापेक्षा फार काही जास्त आहे असे नव्हे.

तरीही तिथे गेलेल्या प्रत्येक कुटुंबाचा दिवस भरून निघत होता. मुले बुरुजांचे गोल जिने चढून-उतरून दमत होती. ज्यांना जिने झेपत नव्हते ते खंदकाच्या कडेने सपाट वाटेवर फिरत होते, बाकांवर बसत होते, पाण्यातले मासे आणि बदके नातवंडांना दाखवत होते. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या एक वृद्ध बाई खंदकाला वळसा घालून चारी बाजूंनी किल्ला पाहून आल्या, आणि त्यांनी तो आमच्याइतकाच पाहिला असे मी म्हणेन. चुलीच्या जागी चूल आहे हे तिथेच लिहिलेले होते, कोठाराच्या जागी कोठार. लोकांनी घरून आणलेले डबे हिरवळीवर बसून खाल्ले. स्वच्छतागृह शोधावे लागले नाही. यातले काहीही खर्चाचे म्हणता येणार नाही. तिथला प्रवेशाचा आकार मात्र भक्कम आहे, आणि चहाच्या किमतीचा हिशेब रुपयांत करू नये असे मुलीने आधीच बजावले होते; त्या बाबतीत आपण त्यांचा कित्ता गिरवावा असे मी मुळीच सुचवत नाही.

या बोडियमचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. पडझड झालेला तो किल्ला 1917 मध्ये लॉर्ड कर्झन यांनी विकत घेतला, स्वतःच्या पैशाने त्याची डागडुजी केली आणि 1925 मध्ये त्यांच्या मृत्युपत्रानुसार तो तिथल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला. हेच कर्झन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असताना 1904 मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा इथे झाला. बंगालच्या फाळणीमुळे आपल्याला त्यांची आठवण वेगळ्या कारणाने आहे आणि ती तशीच राहणार, पण या एका कामाचे श्रेय त्यांना द्यावे लागते. आपल्याकडे त्या कायद्याच्या जागी पुढे 1958 चा केंद्राचा कायदा आला, 1960 मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला, आणि केंद्राच्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत निर्बंध आले. दगड वाचवण्याची तरतूद अशी बऱ्यापैकी आहे. दगड पाहायला येणाऱ्या माणसाने कुठे बसावे, काय प्यावे आणि कोणाला विचारावे, याचा विचार मात्र मागे पडला.

परदेशाचे उदाहरण दिले की आपल्याकडे ते शक्य नाही असे ठरलेले उत्तर मिळते, म्हणून घरचेच एक उदाहरण देते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपल्याकडची कुटुंबे वर्षानुवर्षे सर्व वयाच्या माणसांना घेऊन जातात आणि कोणी कंटाळून परत येत नाही. तिथे कण्हेरगड आहे, पण तो चढलाच पाहिजे अशी कोणावर सक्ती नाही. ज्याला जायचे तो गडावर जातो, वाटेतली कोरीव लेणी पाहतो. बाकीचे देवीच्या देवळात बसतात, झाडीत पथारी टाकतात, नातवंडांना वानरे दाखवतात. दिवस दोघांचाही होतो. शिवाय याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथाच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख सापडला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो 1865 मध्ये उजेडात आणला, हे तिथे बसल्या बसल्या आजोबांना नातवाला सांगता येते. खाली थांबणाऱ्यालाही तिथे काही ना काही पाहायला आणि सांगायला आहे, म्हणून ती सहल सर्वांची होते. ही गोष्ट योजनेपेक्षा देवीच्या कृपेने झाली आहे, हे खरे. पण जे आपोआप घडले ते ठरवून घडवता येणार नाही असे थोडेच आहे?

माझ्या मते ठरवून घडवण्यासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण थाळनेर हेच आहे, आणि त्याकडेच आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष आहे. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावरच्या या गावी डोंगर चढायचा प्रश्नच नाही. एका अंगाला नदी आणि उरलेल्या बाजूंना गाव अशी किल्ल्याची जागा आहे. जवळच फारुकी सुलतानांच्या कबरींच्या घुमटाकार वास्तू आहेत. त्यांतल्या अष्टकोनी वास्तूवरचे कोरीवकाम पाहताना आमच्या सासूबाईंनी लुगड्याच्या काठावर शोभेल अशी एक वेलबुट्टी शोधून काढली आणि ती कितीतरी वेळ न्याहाळली. लळिंगच्या पायथ्याशी ज्यांनी गाडीची काच वर-खाली करण्यात वेळ काढला, त्याच या बाई. किल्ला मात्र आज मुख्यतः मातीचे ढिगारे आणि तुटक्या भिंती एवढाच उरला आहे, त्यामुळे जाणता सोबती नसेल तर मुलांना तिथे उंचवट्यापलीकडे काही दिसत नाही.

वास्तविक त्या उंचवट्यावर 27 फेब्रुवारी 1818 रोजी जे घडले, त्याची चर्चा इंग्रजांच्या संसदेपर्यंत गेली होती. मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना दिलेला होता, पण थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला खाली करण्यास नकार दिला. सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तोफा लावल्या. शरणागतीची बोलणी अर्धवट असतानाच दरवाजात गोंधळ उडाला आणि आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून किल्ल्यातली सगळी शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. शरण येऊ पाहणाऱ्या किल्लेदाराला फाशी देणे न्यायाचे होते का, असा प्रश्न खुद्द त्यांच्याच लोकांनी विचारला, आणि संसदेने हिस्लॉपचे अभिनंदन करताना थाळनेरचे प्रकरण त्यातून बाजूला ठेवले. आपल्या मुलांना रायगडाची आणि प्रतापगडाची एकेक पायरी ठाऊक असते, आणि असलीच पाहिजे. पण शिरपूरच्या मुलाला थाळनेरची ही हकीकत ठाऊक नसावी, हे बरे नव्हे. शाळांच्या सहली डिसेंबरात दोन-तीन दिवसांसाठी सह्याद्रीपलीकडे जातात, अलीकडे त्यांत जलक्रीडा उद्यानांचीही भर पडली आहे. तासाभराच्या वाटेवर असलेल्या गावी जाणाऱ्या सहली क्वचितच दिसतात.

किल्ल्यांच्या सोयींचा विषय निघाला की काही वाचक लगेच रोप-वे, सिमेंटच्या पायऱ्या, कमानी आणि रात्रीची रोषणाई सुचवतात. वृद्धांना वर नेण्याचा त्यांचा हेतू चांगला आहे, तरीही माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. लळिंगसारख्या आटोपशीर डोंगरावर असे बांधकाम झाले तर पाहायला गेलेली वस्तूच झाकली जाईल. शिवाय जुन्या दगडी पायऱ्यांवर सिमेंट थापले की पावसाच्या पाण्याच्या वाटा बदलतात आणि शेजारची जुनी भिंत फुगून ढासळू लागते, हे गावोगावच्या जुन्या वाड्यांत राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्यांना वर जाता येत नाही त्यांना ओढून वर नेण्याची गरज नाही. किल्ल्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत खाली आणता येते.

लळिंगच्या बाबतीत हे असे करता येईल. गावातल्या महादेवाच्या देवळाभोवतीची जागा स्वच्छ ठेवून, जुन्या बांधकामाला धक्का न लावता, जरा अंतरावर निंबाच्या सावलीत बाक टाकावेत. तिथेच कमरेइतक्या उंचीवर एक तिरपा फलक असावा, ज्यावर समोर दिसणाऱ्या डोंगराचे रेखाचित्र असेल आणि दरवाजा कुठे, टाकी कुठे, बुरुज कुठे, हे त्या चित्रात दाखवलेले असेल. म्हणजे खाली बसलेली आजी वर गेलेल्या नातवाकडे बोट दाखवून सांगू शकेल, की ते बघा, आता दरवाजापाशी पोहोचले. फलकावरची अक्षरे मोठी असावीत, मजकूर मराठीत असावा आणि एखादी ओळ अहिराणीत असली तर वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येईल. वर टाक्यापाशी, दरवाजापाशी आणि तटावर अशाच छोट्या पाट्या हव्यात. देणगीदारांची आणि उद्घाटकांची नावे असलेली मोठी संगमरवरी पाटी मात्र कृपा करून नको, कारण अशा पाटीवर मान्यवरांनंतर किल्ल्यासाठी जागा उरत नाही.

स्वच्छतागृहाचा विषय मी मुद्दाम वेगळा काढते. आपल्याकडे सहलीला निघताना घरातल्या बायका सकाळपासून पाणी कमी पितात. हे आम्ही एकमेकींना सांगतो, पुरुषमंडळींना सांगत नाही. डिसेंबरातही खानदेशचे दुपारचे ऊन कडक असते, आणि अशा उन्हात तहान मारून डोंगर चढणे किंवा बंद गाडीत बसणे प्रकृतीला घातक आहे. पायथ्याच्या गावात एक नीट, पाण्याची सोय असलेले, आतून कडी लागणारे आणि रोज झाडले जाणारे स्वच्छतागृह असेल तर किल्ला पाहायला येणाऱ्या बायकांची संख्या आपोआप वाढेल, असे माझे ठाम मत आहे. ते राखण्यासाठी माणशी पाच-दहा रुपये घेतले तरी कोणी कुरकुर करणार नाही. त्याला जोडूनच गावातल्या बचत गटाला सुटीच्या दिवशी कळण्याची भाकरी, ठेचा आणि हंगामात वांग्याचे भरीत विकण्याची जागा दिली, तर आमच्यासारखे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेणारेही घरचा डबा तसाच परत आणतील. गावाला किल्ल्यापासून चार पैसे मिळू लागले की किल्ल्याची राखणही गावच करील, त्यासाठी वेगळा पहारेकरी नेमावा लागणार नाही.

मुलांच्या सुरक्षिततेकडे मात्र आजच लक्ष द्यायला हवे. डोंगरी किल्ल्यांवरची टाकी सरळ उभ्या कडांची आणि खोल असतात. पावसाळ्यानंतर त्यांत पाणी असते, काठावर शेवाळ असते, आणि पृष्ठभागावर हिरवा थर आला की लहान मुलाला ते पाणी आहे हे कळतही नाही. आमच्यातल्या धाकटीला मी तिथे असेपर्यंत हाताला धरूनच ठेवले, त्यामुळे तिने किल्ला कमी आणि माझी बांगडी जास्त पाहिली असावी. दगडात भोके न पाडता, टाक्यापासून हातभर मागे, साधे लाकडी किंवा लोखंडी कठडे उभे करता येतात. पाणी किती खोल आहे हे लिहिलेली एक पाटी त्याहूनही स्वस्त आहे.

किल्ला एका खात्याचा, भोवतालचे जंगल दुसऱ्या खात्याचे, गाव ग्रामपंचायतीचे आणि रस्ता महामार्गवाल्यांचा, अशी विभागणी असली की एका बाकासाठी चार ठिकाणी अर्ज करावे लागतात, याची मला कल्पना आहे. परंतु लळिंगला माणसे येत नाहीत म्हणून सोयी नाहीत, हे कारण कोणी देऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1937 मध्ये धुळ्यास आले असता ज्या लांडोर बंगल्यात राहिले, तो याच लळिंगच्या कुरणात आहे, आणि त्या आठवणीसाठी दरवर्षी 31 जुलैला तिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांसह कुटुंबेच्या कुटुंबे जमतात. एकाच परिसरात फारुकींचा किल्ला, महादेवाचे जुने देऊळ आणि बाबासाहेबांचा निवास असलेले ठिकाण महाराष्ट्रात दुसरे कुठे असेल असे मला वाटत नाही. महामंडळाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रविवारी सकाळी धुळ्याहून निघून सायंकाळी परत आणणारी एक गाडी सोडली, तर ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्यांचीही सहल होईल. मार्चनंतर त्या गाडीची गरज नाही, कारण पारा 40 च्या पुढे गेल्यावर शहाण्या माणसाने या डोंगराकडे महामार्गावरूनच पाहावे. पाहुण्यांना सकाळचा तास शहरात मोकळा असेल, तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहेच. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर 1927 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतले संग्रहालय पाहून मग किल्ल्यावर गेलेले मूल तिथे वेगळ्या डोळ्यांनी पाहते.

शासनाकडे बोट दाखवताना आपल्या वागण्याबद्दल चार शब्द लिहिणे मला टाळता येत नाही. तटाच्या दगडांवर बदामाच्या चित्रासकट लिहिलेली नावे मी लळिंगला पाहिली, आणि ती लिहिणारी मुलेही कोणाच्या तरी सहकुटुंब सहलीतलीच असणार. केंद्राच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते, हे घरी मुलांना सांगायला हवे, आणि त्याआधी कुरकुऱ्यांची पाकिटे टाक्यात सोडणाऱ्या त्यांच्या वडिलांना सांगायला हवे. मोठ्याने गाणी लावून तटावर पंगत मांडणारा एक गट आम्हाला भेटला. त्यांना विनंती केल्यावर त्यांनी आवाज कमी केला, हे नमूद केले पाहिजे.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात मुंबई-पुण्याकडच्या सहलींची पाने असतात. येत्या हिवाळ्यात त्यांतले एक पान तिन्ही जिल्ह्यांतल्या किल्ल्यांना द्यावे, आणि प्रत्येक किल्ल्याच्या माहितीत चढण किती, पाणी कुठे, स्वच्छतागृह आहे की नाही, आणि वर न जाणाऱ्याने खाली काय पाहावे, या गोष्टी छापाव्यात, अशी माझी विनंती आहे. थाळनेर, लळिंग, पारोळा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोनगीरचा किल्ला, या चारांपासून आरंभ करता येईल. जिथे या रकान्यात "काही नाही" असे छापावे लागेल, त्या गावच्या सरपंचांना आणि संबंधित खात्यांना तो अंक आम्ही वाचक स्वतः नेऊन देऊ.

आपली नम्र,
एक वाचक, देवपूर, धुळे